देशी लँगेनडॉर्फ संच: सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि थंडीत

आधी निकाल सांगून टाकतो. प्राण्याचं हृदय शरीराबाहेर चालतं ठेवून त्यावर औषधं तपासायचा, दुहेरी भिंतीच्या काचेचा हा देशी संच घ्यायला हरकत नाही, पण खोक्यातून निघाला तसा वापरायला मोठी हरकत आहे. दाबाचा स्तंभ उत्तम, काचकाम बरं, तापमान बेभरवशाचं, आणि औषध सोडायची बाजूची नळी तर चक्क चुकीच्या जागी. पाचपैकी तीन. पुढे सांगितलेल्या दुरुस्त्या केल्यावर चार. त्या दुरुस्त्यांचा खर्च संचाच्या किमतीपुढे किरकोळ आहे, म्हणून तर त्या कंपनीने स्वतःच का केल्या नाहीत हे कोडं पडतं.

यंत्राचं काम थोडक्यात असं. ऑस्कर लँगेनडॉर्फने १८९५ मध्ये रॉस्टॉकला दाखवलेली युक्ती आजही बदललेली नाही. रॅटचं हृदय काढायचं, महाधमनीत नळी (कॅन्युला) बसवायची आणि द्रव उलट्या दिशेने सोडायचा. त्या दाबाने महाधमनीची झडप मिटते आणि द्रवाला हृदयाच्याच स्नायूला पोसणाऱ्या कोरोनरी धमन्यांखेरीज वाट उरत नाही. हृदय शरीराबाहेर तासन्‌तास धडधडत राहतं. मग तोटी बंद करून ३० मिनिटं उपाशी ठेवायचं, तोटी उघडून १२० मिनिटं पुन्हा पाजायचं आणि किती स्नायू मेला ते मोजायचं. रक्तपुरवठा परतल्यावर होणारी इजा, म्हणजे रिपरफ्यूजन इन्ज्युरी, अभ्यासायचा हा स्वस्त मार्ग आहे. सोलापुरात एम. फार्म.ला अर्जुनसाल, हळद, नाहीतर एखादं नवं रसायन 'कार्डिओप्रोटेक्टिव्ह', म्हणजे हृदय वाचवणारं, आहे का हे पाहणाऱ्यांना तर तो सोयीचा पडतो.

या संचाला फक्त एक प्रश्न विचारायचा: तोटी उघडल्यानंतरचं पहिलं मिनिट तो खरं दाखवतो का? बाकी सगळं सुबक असून या एका मिनिटात गडबड असेल, तर यंत्राचा दोष औषधाच्या गुणात जमा होतो. कसं, ते समजायला स्नायूपेशीच्या आत थोडं डोकवावं लागेल.

पुरवठा थांबला की पेशी ऑक्सिजनविना ग्लुकोज जाळते, लॅक्टेट आणि आम्ल साचतं, आतला पीएच ६.५ च्या आसपास उतरतो. आम्ल बाहेर काढण्यासाठी पेशीच्या पडद्यातला सोडियम-हायड्रोजन एक्स्चेंजर (अदलाबदल करणारं प्रथिन) सोडियम आत घेतो. पेशीचं इंधन एटीपी संपत आल्याने सोडियमचा पंप थकलेला असतो, मग सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर उलटा फिरतो आणि कॅल्शियम आत भरतं. दुसरीकडे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, सक्सिनेट या मधल्या पदार्थाचा साठा होतो. हे सगळं होत असताना मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातलं एक मोठं भोक, ज्याला सगळे एमपीटीपी म्हणतात, बंदच असतं, कारण आम्ल त्याला दाबून धरतं. ग्रिफिथ्स आणि हॅलेस्ट्रॅप यांनी १९९५ मध्ये दाखवलं की ते उपासमारीत उघडत नाही, पुरवठा परतल्यावर उघडतं. तोटी उघडताच बाहेरचं आम्ल धुऊन निघतं, पेशीचा पीएच काही मिनिटांत ७ च्या वर येतो. त्याच वेळी साठलेलं सक्सिनेट झपाट्याने जळतं, इलेक्ट्रॉन कॉम्प्लेक्स-१ या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनसंचात उलटे घुसतात आणि सुपरऑक्साईड या घातक ऑक्सिडंटचा लोंढा उठतो (सक्सिनेटचा हा हिशेब २०१४ मध्ये पुढे आला). आम्लाचा लगाम सुटलेला, कॅल्शियम भरलेलं, ऑक्सिडंट उसळलेले. भोक उघडतं, पडद्यावरचा विद्युतभार कोसळतो, एटीपी बनवणारं यंत्र उलटं एटीपी खायला लागतं आणि पेशी आखडून फाटते.

संरक्षणाचे जेवढे मार्ग सापडलेत त्यांतले बहुतेक या भोकापाशीच येऊन मिळतात. पीआय३-कायनेज आणि एकेटी, सोबत ईआरके १/२, या पेशीत संदेश पोचवणाऱ्या प्रथिनांना मिळून रिस्क मार्ग म्हणतात. त्यांचा एक शेवट जीएसके-३ बीटा या एन्झाईमच्या नवव्या स्थानावरच्या सेरीनवर फॉस्फेट बसवून त्याला गप्प करण्यात होतो आणि भोक उघडायचा उंबरठा वाढतो. टीएनएफ-अल्फा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाच्या लहान मात्रेपासून जॅक आणि स्टॅट-३ या संदेशवाहक प्रथिनांकडे जाणारा सेफ मार्ग वेगळा, तोही मायटोकॉन्ड्रियातच पोचतो. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध हे सगळं टाळून थेट भोकाच्या दारवानाला, सायक्लोफिलिन-डीला धरतं. या सगळ्यांसाठी वेळ मात्र एकच: पहिली काही मिनिटं. औषध उशिरा पोचलं तर ते निरुपयोगी दिसेल. आणि औषध नसतानाही पहिला द्रव थंड किंवा कमी ऑक्सिजनचा गेला, तर यंत्रच हृदयाला वाचवेल.

आता या संचाची बाजूची नळी बघा. औषधाची टाकी मुख्य नळीला जिथे मिळते तो वाय-जोड स्टँडच्या वरच्या पट्टीवर आहे, कॅन्युलापासून सुमारे अर्धा मीटर. नळीचा आतला व्यास ४ मिलिमीटर. हिशेब सोपा: ५० सेंटिमीटर नळीत सुमारे ६.३ मिली द्रव मावतो. उपासमारीनंतर प्रवाह मिनिटाला १० मिली धरला, तर तोटी उघडल्यावर औषधाचा पहिला थेंब हृदयाला लागायला ३८ सेकंद जातात. स्नायू आखडून प्रवाह आणखी कमी असेल तर मिनिट उलटतं. म्हणजे जे मिनिट मोजायचं तेच हुकलं.

याहून वाईट गोष्ट त्या ६.३ मिली द्रवाची आहे. ३० मिनिटं तो नळीत नुसता उभा असतो. या तुकड्याला काचेचं गरम पाण्याचं आवरण नाही, त्यामुळे तो खोलीच्या तापमानाला येतो. नळी सिलिकॉनची आहे, आणि सिलिकॉनमधून वायू आरपार जातात: आतला ऑक्सिजन बाहेर, कार्बन डायऑक्साईडही बाहेर. तोटी उघडल्यावर हृदयाला सगळ्यांत आधी मिळतो तो हाच शिळा, गार, कमी ऑक्सिजनचा द्रव. थोडक्यात, यंत्र स्वतःच हळुवार रिपरफ्यूजन करतं. औषध न दिलेल्या कंट्रोल गटातली हृदयंही मग बऱ्यापैकी वाचतात, आणि खऱ्या औषधाला दाखवायला जागाच उरत नाही. डिसेंबरच्या सकाळी हा द्रव विशी-बाविशीत असतो. मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, चाळिशीला टेकलेला. एकाच विद्यार्थ्याने कंट्रोल थंडीत आणि औषधाचे प्रयोग उन्हाळ्यात केले, की प्रबंधात काहीही सिद्ध होऊ शकतं. गाईडने सही करण्यापूर्वी प्रत्येक हृदयाची तारीख मागावी.

दुरुस्ती: वाय-जोड उतरवून कॅन्युलापासून ५ सेंटिमीटरवर आणा. मृत आकारमान ०.६ मिलीवर येतं, उशीर चार सेकंदांच्या आत. उरलेला तुकडा सिलिकॉनऐवजी वायू कमी सोडणाऱ्या टायगॉन जातीच्या नळीचा घ्या आणि त्यावर फोमची बाही चढवा. त्याहून चांगलं म्हणजे त्या जागी तीन वाटांची तोटी बसवून उपासमार संपायच्या आधी एक मिनिट ताजा, गरम द्रव बाजूच्या वाटेने सांडून नळी धुऊन घ्यायची, मग हृदयाकडे वळवायचं. एवढ्या एका सवयीने कंट्रोल हृदयांमधला आपसातला फरक कमी होतो. पोस्टकंडिशनिंग, म्हणजे पुरवठा परत देताना तो थोडा थोडा चालू-बंद करून हृदय वाचवणं, करायचं असेल तर ही तोटी हवीच. झाओ आणि व्हिंटन-योहान्सन यांच्या गटाने २००३ मध्ये कुत्र्याच्या हृदयात ३० सेकंदांची तीन आवर्तनं वापरली होती. रॅटमध्ये सहसा १० सेकंद चालू, १० सेकंद बंद अशी सहा आवर्तनं करतात. अर्धा मीटर वर तोटी ठेवून १० सेकंदांची आवर्तनं करणं म्हणजे लांब नळीच्या शेवटाला बसून टाकीवरचा कॉक फिरवण्यासारखं.

सोबत आलेल्या इंजेक्शनच्या पोर्टचं कौतुक पत्रकात फार आहे. सिरिंज पंपाने शंभर पट तीव्र औषध मुख्य प्रवाहाच्या शंभराव्या भागाने सोडा, असं त्यात सुचवलंय. स्थिर प्रवाहाच्या पद्धतीत ते ठीक. स्थिर दाबाच्या पद्धतीत हृदयाचा प्रवाह बदलत असतो, सिरिंजचा नाही. जे हृदय जास्त आखडलं, ज्याचा प्रवाह अर्धा झाला, त्याला औषध दुप्पट तीव्र मिळतं. औषधासाठी दुसरी गरम टाकीच वापरा, तीही मुख्य टाकीच्याच उंचीवर.

स्थिर दाब की स्थिर प्रवाह, हा पर्याय संचात दिलाय आणि तो वापरण्यासारखा आहे. आमचं मत स्थिर दाबाकडे. पंपाने ठराविक प्रवाह ढकलला की आखडलेल्या, सुजलेल्या केशवाहिन्यांतही द्रव जबरदस्तीने घुसतो, दाब भलता चढतो आणि 'नो-रिफ्लो', म्हणजे वाट उघडूनही बारीक वाहिन्यांत द्रव न पोचणं, ही खरी घटना झाकली जाते. गुरुत्वाकर्षणाच्या स्तंभात प्रवाह कमी झालेला डोळ्यांना दिसतो, आणि तीच माहिती आहे. दुसरं कारण शुद्ध व्यवहारी. वीज गेली की पंप थांबतो, स्तंभ थांबत नाही. इन्व्हर्टरवर गरम पाणी फिरवणारा बाथ फार वेळ चालत नाही, पण तापमान उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं तरी हातात राहतात.

स्तंभाबाबत कंपनीचं खरंच कौतुक करावं. स्टँड जड आहे, डुगडुगत नाही, उंची मोजायची पट्टी कोरलेली आहे. ८० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबासाठी द्रवाची पातळी आणि कॅन्युलाचं टोक यांत १०९ सेंटिमीटर ठेवायचे, ७० साठी ९५. टाकी ओव्हरफ्लोच्या पद्धतीची आहे, म्हणून पातळी हलत नाही. साध्या टाकीत १० सेंटिमीटर पातळी उतरली की सुमारे ७ मिलिमीटर दाब जातो, तो त्रास इथे नाही. फक्त टाकी २ लिटरची आहे आणि एका हृदयाला ती पुरत नाही. मिनिटाला १५ मिली, २० मिनिटं स्थिरावणं, १२० मिनिटं रिपरफ्यूजन: २.१ लिटर इथेच गेले. नळ्या धुणं, सांडलवंड धरून दर हृदयाला ३ लिटर क्रेब्ज, म्हणजे हृदयाला पाजायचा क्षारांचा द्रव, बनवा.

क्रेब्ज-हेन्सेलाईट द्रवाच्या कृतीचा कागद संचासोबत येतो, त्यात ग्लुकोज कोणतं ते लिहिलेलं नाही. एका लिटरसाठी वजनं अशी: सोडियम क्लोराईड ६.९० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड ०.३५, सात रेणू पाण्याचं मॅग्नेशियम सल्फेट ०.२९६, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६३, सोडियम बायकार्बोनेट २.१०, निर्जल ग्लुकोज १.९८. मेडिकलच्या दुकानातलं मोनोहायड्रेट डेक्स्ट्रोज वापरत असाल तर २.१८ घ्या. कॅल्शियम क्लोराईड निर्जल असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि वजनावर विश्वास राहत नाही. डायहायड्रेटचं १ मोलर द्रावण करून ठेवा आणि लिटरला १.८ मिली टाका. पण सर्वांत शेवटी, वायूचे बुडबुडे १५-२० मिनिटं सोडून पीएच ७.४ वर आल्यानंतरच. आधी टाकलं तर द्रव दुधाळ होतो. तो कॅल्शियमचा साका डोळ्यांना दिसेनासा झाला तरी केशवाहिन्यांत अडकायला पुरेसा असतो. कॅल्शियम विसरलात आणि हृदय लटकावल्यावर आठवलं, तर ते हृदय टाकून द्या. कॅल्शियमविना काही मिनिटं गेलेल्या हृदयात पुन्हा कॅल्शियम सोडलं की पेशी फाटतात. झिमरमन आणि ह्युल्समन यांनी १९६६ मध्ये नोंदवलेला हा 'कॅल्शियम पॅराडॉक्स' आहे. त्याचा आलेख रिपरफ्यूजन इजेसारखाच दिसतो आणि नवख्याला फसवतो. पायरुव्हेट घालायची जुनी सवय काही ठिकाणी आहे. ते इंधन आहेच, पण ऑक्सिडंटही टिपतं, त्यामुळे या प्रयोगात नको.

पाणी हा सोलापुरात वेगळा विषय आहे. बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरा थर कशाने येतो हे सांगायला नको. लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी म्हणजे २.५ मिलिमोलर, जेवढं आपण मुद्दाम घालतो त्याहून जास्त. पिण्याच्या आरओचं पाणी चालतं असा समज आहे, तो सोडा. अनेक आरओंत चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते. दोनदा डिस्टिल केलेलं पाणीच घ्या आणि कंडक्टिव्हिटी मीटरने तपासा. काचेच्या आवरणात फिरणारं पाणीही डिस्टिल्डच हवं. नळाचं भरलं की काही महिन्यांत आवरणात क्षाराचा थर बसतो, उष्णता पोचत नाही आणि आत ब्रश जात नाही. बसलाच असेल तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा तास फिरवून भरपूर पाण्याने धुवा. द्रवाच्या नळ्याही रोज प्रयोगानंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवायच्या, कारण ग्लुकोजच्या द्रवात उन्हाळ्यात एका रात्रीत बुळबुळीत थर धरतो.

वायू ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साईड, म्हणजे कार्बोजेनच हवा. एमआयडीसीतल्या वायूवाल्याकडून ऑक्सिजनचं सिलिंडर चटकन मिळतं म्हणून तेच लावायचा मोह होतो. शुद्ध ऑक्सिजनने बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साईड उडून जातो, पीएच ८ च्या वर चढतो, कॅल्शियम खाली बसतं. कार्बोजेन मिश्रण ऑर्डर देऊन मागवावं लागतं, तेव्हा एक सिलिंडर कायम शिलकीत ठेवा. संचातला बुडबुड्यांचा दगड, तोच मत्स्यालयातला, पटकन चोंदतो. त्याऐवजी सिंटर्ड काचेचा घ्या.

तापमान. बाथ १० लिटरचा, हीटर आणि फिरवायचा पंप असलेला, आकडे दाखवणारा. आकडा बाथचा आहे, हृदयाचा नाही. हृदयापाशी एक-दोन अंशांचा फरक हमखास पडतो आणि इन्फार्क्टचा, म्हणजे मेलेल्या स्नायूचा, आकार तापमानाला फार हळवा आहे. थोडा गारवाही स्नायू वाचवतो. बारीक थर्मोकपल फुप्फुस धमनीतून उजव्या कप्प्यात सरकवा आणि तिथे ३७.० दिसेपर्यंत बाथ वाढवा. थंडीत बाथ ३८.५ ते ३९ वर ठेवावा लागतो. उपासमारीच्या ३० मिनिटांत हृदय उघडं लटकत ठेवू नका. आवरणाच्या पेल्यात, ३७ अंशांच्या द्रवात बुडवून ठेवा. संचातला पेला यासाठी खोल आहे, हे त्याचं एक चांगलं अंग.

उन्हाळ्यातली अडचण उलटी आणि ती पत्रकात कुठेच नाही. या बाथला तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीच ४० अंशांवर गेली, वर पंपाच्या मोटरची ऊब, की आकडा ३७ ची वेस ओलांडतो आणि हीटर बंद असूनही उतरत नाही. हृदय ३८-३९ वर गेलं की इन्फार्क्ट वाढतो. मार्च ते जून हे यंत्र एसीच्या खोलीतच चालवा. ते शक्य नसेल तर तांब्याची गुंडाळी बाथमध्ये सोडून तिच्यातून बर्फाचं पाणी फिरवा. मग हीटरला काम उरतं आणि नियंत्रण परत येतं.

दाबाचा सेन्सर आणि यूएसबी पेटी बरी आहे. डाव्या कप्प्यातला फुगा भरून विसाव्याचा दाब ५ ते १० मिलिमीटरवर आणायचा आणि पुढे फुग्याला हात लावायचा नाही; विसाव्याचा दाब वर चढणं हेच आखडलेल्या स्नायूचं माप आहे. सेन्सर रोज ० आणि १०० वर साध्या पाऱ्याच्या रक्तदाब यंत्राने जुळवून घ्या. सोबतचे लॅटेक्सचे फुगे जाड आणि ताठ आहेत, ते स्वतःच दाब दाखवतात. पाण्यात, हृदयाबाहेर भरून बघा: कामापुरत्या आकारमानाला शून्याच्या वर दाब दिसला की तो फुगा बाद. रेषा गोलमटोल दिसत असेल तर नळीत बुडबुडा आहे.

अर्क तपासणाऱ्यांसाठी बुडबुडे धरणारी कुपी महत्त्वाची, आणि ती लहान आहे. सॅपोनिन असलेला अर्क फेसाळतो आणि फेस थेट कॅन्युलात जातो. अर्जुनसालीचे टॅनिन द्रवात गढूळपणा आणतात, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढल्यानंतर जे उरलं त्याची मात्रा पुन्हा मोजा, वजन करून टाकलेली मात्रा सांगू नका. वनस्पतीच्या अर्कात पोटॅशियम भरपूर असतं. एकूण पोटॅशियम ५.९ मिलिमोलरच्या वर किती गेलं हे फ्लेम फोटोमीटरवर बघा, नाहीतर कार्डिओप्लेजियाचा, म्हणजे पोटॅशियमने हृदय थांबवण्याचा, परिणाम अर्काच्या नावावर लागेल. कर्क्युमिन ७.४ पीएचला आणि उजेडात लवकर मोडतं, म्हणून ते ऐनवेळी मिसळा. औषध विरघळवायचा डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढाच कंट्रोलमध्येही घाला.

भूल कोणती द्यायची यावर पत्रकात आयसोफ्लुरेन सुचवलंय. ते चुकीचं. वायुरूप भुली स्वतःच हृदयाला संरक्षण देतात. थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, हा जुना मार्ग बरा. सीसीएसईए या प्राणीप्रयोगांवरच्या केंद्रीय समितीच्या नियमांप्रमाणे संस्थेच्या आचारसमितीने मंजूर केलेला. छाती उघडल्यापासून पहिला थेंब जाईपर्यंत तीन मिनिटांच्या आत. त्याहून उशीर झाला तर नकळत प्रीकंडिशनिंग होतं, म्हणजे छोट्या उपासमारीने हृदय पुढच्या मोठ्या उपासमारीला आधीच तयार होतं. सोबतची स्टीलची कॅन्युला टोकाशी धारदार आहे, महाधमनी कापते. बारीक एमरी पेपरने टोक गोल करा आणि टोक झडपेच्या वरच थांबवा, खाली घुसलं तर प्रवाह अचानक भरमसाठ वाढलेला दिसतो.

यंत्र धड लागलंय का हे कळायला दोन चाचण्या. पहिली प्रीकंडिशनिंगची: मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी १९८६ मध्ये कुत्र्यांत ५ मिनिटांची चार आवर्तनं दिल्यावर ४० मिनिटांच्या अडथळ्याने होणारा इन्फार्क्ट कंट्रोलच्या सुमारे पाव हिश्श्यावर आला होता. रॅटच्या हृदयात ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू अशी तीन आवर्तनं द्या; इन्फार्क्ट ठळक घटला नाही तर दोष यंत्रात किंवा हातात. दुसरी सायक्लोस्पोरिनची, जी वाय-जोड बरोबर बसलाय का हे दाखवते: ०.२ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला ०.२४ मिलिग्रॅम, इथेनॉलमधून, रिपरफ्यूजनच्या पहिल्या क्षणापासून. मात्रा वाढवून जास्त फायदा मिळत नाही, उलट कमी होतो. ते प्लास्टिकच्या नळीला चिकटतं, म्हणून वाट काचेची आणि आखूड ठेवा. जुना वाय-जोड तसाच असेल तर याच चाचणीत पितळ उघडं पडतं.

इन्फार्क्ट मोजायला टीटीसी हा रंग १ टक्का, पीएच ७.४, ३७ अंशांवर १५ मिनिटं, २ मिलिमीटरच्या चकत्या, मग १० टक्के फॉर्मलिन. जिवंत भाग विटकरी, मेलेला फिकट. काप करायचा साचा संचात आहे पण फटी ३ मिलिमीटरच्या आहेत. ॲक्रिलिकच्या कोणत्याही कारागिराकडून २ मिलिमीटरचा कापून घ्या. रिपरफ्यूजन १२० मिनिटांवर थांबवायचं कारण इथेच आहे: मेलेल्या पेशीतली एन्झाईम आणि सहघटकं धुऊन गेली नाहीत तर ती लाल दिसते. लवकर थांबणारे प्रयोग इन्फार्क्ट कमी सांगू शकतात.

एकेटी किंवा जीएसके-३ बीटाचा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे त्यांवर फॉस्फेट बसलं का ते पाहणारी चाचणी, करायचा तर हृदय वेगळं लागतं, रिपरफ्यूजनच्या ५ ते १० मिनिटांवर गोठवलेलं. कॅन्युलाचा स्क्रू सोडवण्यात वेळ जातो, वळवून चटकन सुटणारा लुअर जोड लावून घ्या. द्रव नायट्रोजनसाठी पुण्याला धावायची गरज नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात फिरतच असतो. गोठवलेला तुकडा वाटताना सोडियम फ्लोराईड आणि ऑर्थोव्हॅनाडेट नसेल तर फॉस्फेटेज एन्झाईम फॉस्फेटची सगळी खूण पुसून टाकतं.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं विचारणाऱ्यांनी माणसांवरचे दोन निकाल डोळ्यांपुढे ठेवावेत. सायक्लोस्पोरिन २०१५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या ९७० रुग्णांच्या सर्कस चाचणीत हरलं. दंडाला पट्टा बांधून पाच-पाच मिनिटांची चार आवर्तनं देणारी रिमोट कंडिशनिंग २०१९ च्या कॉन्डी-२/एरिक-पीपीसीआय चाचणीत ५,४०१ रुग्णांत हृदयामुळे होणारे मृत्यू आणि हृदय निकामी झाल्याने इस्पितळात दाखल होणं कमी करू शकली नाही. त्यामागे वय, मधुमेह, इतर औषधं अशी बरीच कारणं आहेत. पण रुग्ण येतो तो धमनी बंद झाल्यावर, त्यामुळे उपासमारीच्या आधी औषध देऊन मिळवलेला निकाल त्याच्या कामाचा नाही, आणि हा संच आहे तसा वापरला तर तेवढाच निकाल मिळतो.

विक्रीनंतरची सेवा सरासरी. काचेचा सुटा भाग मागवला की पंधरवडा धरून चाला. बुडबुड्याची कुपी आणि हृदयाचा पेला प्रत्येकी एक जास्तीचा सुरुवातीलाच घ्या. ऑर्डरीच्या पत्रात 'वाय-जोड कॅन्युलाच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर, लुअर जोडासह' असं स्पष्ट लिहून खाली हाताने आकृती काढा. तोंडी सांगितलं तर जोड वरच्या पट्टीवरच येतो.